ऑस्कर न्यूमन

ऑस्कर न्यूमन (३० सप्टेंबर १९३५ – १४ एप्रिल २००४) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन वास्तुविशारद, नगररचनाकार व संशोधक होते. निवासी संकुलाची रचना आणि तेथे घडणारे गुन्हे यांचा परस्परसंबंध आकडेवारीच्या आधारे तपासणाऱ्या आद्य अभ्यासकांत त्यांची गणना होते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिफेन्सिबल स्पेस’ या ग्रंथामुळे ते जगभर ओळखले जाऊ लागले. ‘डिफेन्सिबल स्पेस’ म्हणजे रहिवाशांना स्वतः राखता येईल अशी जागा. मराठीत तिला ‘राखणीजोगी जागा’ म्हणता येईल. पोलीस, पहारेकरी आणि कुलपे यांच्यापूर्वी घराची, जिन्याची व अंगणाची मांडणी हेच संरक्षणाचे पहिले साधन होय, असा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. या विचाराने अनेक देशांतील गृहनिर्माणाचे नियम बदलले. त्याचबरोबर गुन्ह्याचा दोष इमारतीला द्यावा की गरिबीला, हा वादही त्याने उभा केला.

जन्म, शिक्षण व प्रारंभीचा काळ

न्यूमन यांचा जन्म कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात झाला. त्याच शहरातील मॅकगिल विद्यापीठातून १९५९ साली त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली. त्या वेळी आधुनिक वास्तुकलेच्या क्षेत्रात मोठे मंथन सुरू होते. ल कॉर्ब्युझिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या आंतरराष्ट्रीय वास्तुकला परिषदेचा जगभर दबदबा होता. शहरांनी मोकळ्या हिरव्या मैदानांत उंच इमारती उभाराव्यात, रहदारी व वस्ती वेगळी ठेवावी, हा या परिषदेचा आग्रह होता. मात्र १९५९ मध्ये नेदरलँड्समधील ओटर्लो येथे भरलेल्या बैठकीत तरुण वास्तुविशारदांनी या विचारावर उघडपणे आक्षेप घेतले. या बैठकीचा वृत्तांत न्यूमन यांनी संपादित केला आणि तो १९६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. माणसांच्या राहणीचा विचार न करता आखलेल्या भव्य आराखड्यांविषयी त्यांना पुढे आयुष्यभर जी शंका वाटत राहिली, तिचा उगम याच काळात आढळतो.

त्यानंतर ते अमेरिकेत गेले व मिसूरी राज्यातील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन करू लागले. पुढे त्यांनी कोलंबिया विद्यापीठात व न्यू यॉर्क विद्यापीठातही काम केले. त्यांच्या स्वभावाला विनोदाचे अंगही होते. अणुचाचण्यांसाठी जमिनीखाली स्फोट घडवून प्रचंड पोकळ्या करण्याचे प्रयोग त्या काळी चालू होते. त्यांचा संदर्भ घेऊन १९६९ साली त्यांनी मॅनहॅटनच्या खाली गोलाकार पोकळीत वसविलेल्या भूमिगत शहराचे एक कल्पनाचित्र प्रसिद्ध केले.

प्रुइट-आयगो वसाहतीचा अनुभव

न्यूमन यांच्या आयुष्याला दिशा देणारी घटना सेंट लुइसमध्ये घडली. विद्यापीठापासून काही अंतरावर ‘प्रुइट-आयगो’ नावाची सरकारी वसाहत होती. वास्तुविशारद मिनोरू यामासाकी यांनी तिची रचना केली होती. ११ मजल्यांच्या ३३ इमारतींत सुमारे २,८०० सदनिका होत्या आणि १९५४ पासून तेथे कुटुंबे राहू लागली. झोपडपट्टी हटवून तिच्या जागी स्वच्छ, हवेशीर व मोकळी वस्ती उभारणे हा हेतू होता. तळमजले सार्वजनिक वापरासाठी मोकळे ठेवले होते. खर्च वाचावा म्हणून उद्वाहक (लिफ्ट) प्रत्येक मजल्यावर थांबत नसत. दर तिसऱ्या मजल्यावर थांबत. त्या मजल्यांवर लांबरुंद सामायिक सज्जे व कपडे धुण्याच्या खोल्या होत्या. शेजाऱ्यांनी तेथे एकत्र यावे, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात काही वर्षांतच वसाहतीची दुर्दशा झाली. सज्जांवर काचांचा खच पडला, दिवे फोडले गेले, उद्वाहकांत व जिन्यांत लुटीच्या घटना घडू लागल्या. खालचे मोकळे पटांगण कचऱ्याने भरले. स्त्रियांना एकट्याने जिना चढणे धोक्याचे वाटू लागले. घरे रिकामी होऊ लागली. त्याच विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ ली रेनवॉटर हेही त्या काळात तेथील कुटुंबांच्या जीवनाचा अभ्यास करीत होते.

न्यूमन यांनी या वसाहतीत फिरताना दोन गोष्टी टिपल्या. पहिली म्हणजे, रस्त्याच्या पलीकडेच ‘कार स्क्वेअर व्हिलेज’ ही जुनी, कमी उंचीच्या ओळीच्या घरांची सरकारी वसाहत होती. तेथेही त्याच उत्पन्नगटातील लोक राहत होते. तरीही ती पूर्ण भरलेली होती आणि तेथे फारसे उपद्रव नव्हते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म होती. प्रुइट-आयगोतील सदनिकांच्या आत गेल्यावर बहुतेक घरे साधी पण नीटनेटकी आढळत. ज्या ठिकाणी एका चौकातील जागा दोनच कुटुंबांत सामायिक होती, तेथे ती जागाही झाडलेली, सांभाळलेली असे. जो सज्जा २० कुटुंबांचा होता, तो घाणेरडा व असुरक्षित होता. आणि जे प्रवेशद्वार, जिने व उद्वाहक १५० कुटुंबे वापरीत, त्यांची अवस्था सर्वांत वाईट होती.

म्हणजे माणसे तीच असूनही एकाच इमारतीत काही जागा राखल्या जात होत्या व काही सोडून दिल्या जात होत्या. एखादी जागा जितक्या अधिक कुटुंबांत वाटली जाते, तितकी ती कोणाचीच राहत नाही, असा निष्कर्ष न्यूमन यांनी काढला. जी जागा कोणाचीच नसते, तेथे परका माणूस बिनदिक्कत उभा राहू शकतो आणि त्याला हटकण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे कोणालाच वाटत नाही.

प्रुइट-आयगोतील इमारती पाडण्यास मार्च १९७२ मध्ये सुरुवात झाली व काही वर्षांतच संपूर्ण वसाहत भुईसपाट करण्यात आली. इमारत कोसळतानाची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. न्यूमन यांचा प्रमुख ग्रंथ याच वर्षी प्रकाशित झाला.

सेंट लुइसमधील आणखी एका गोष्टीने न्यूमन यांचे लक्ष वेधून घेतले. शहराच्या जुन्या भागात काही ‘खाजगी रस्ते’ होते. या रस्त्यांची मालकी तेथील घरमालकांकडे असे व त्यांचे एक टोक बंद असे. आसपासचे भाग उजाड होत असताना हे रस्ते टिकून राहिले होते. या निरीक्षणाचा उपयोग त्यांनी पुढे डेटन शहरात केला.

न्यू यॉर्कमधील संशोधन

निरीक्षण कितीही मार्मिक असले, तरी तेवढ्याने सिद्धांत उभा राहत नाही, याची न्यूमन यांना जाणीव होती. न्यू यॉर्क विद्यापीठात आल्यावर त्यांना मोठ्या प्रमाणावर आकडेवारी मिळविण्याची संधी लाभली. न्यू यॉर्क शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे स्वतःचे पोलीस दल होते. गुन्हा वसाहतीत नेमका कोठे घडला, म्हणजे उद्वाहकात, जिन्यात, प्रवेशकक्षात की बाहेरच्या आवारात, याची नोंद हे दल ठेवीत असे. अशा नोंदी इतरत्र क्वचितच मिळत. या नोंदींच्या आधारे न्यूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इमारतींची उंची, वसाहतीचा आकार आणि गुन्ह्यांचे प्रमाण यांचा संबंध तपासला.

यातील सर्वांत प्रसिद्ध तुलना ब्रुकलिनमधील ‘ब्राउन्सव्हिल’ व ‘व्हॅन डाइक’ या दोन वसाहतींची होय. एका रस्त्याच्या दोन बाजूंना वसलेल्या या वसाहतींतील रहिवाशांचे उत्पन्न व कुटुंबांची रचना यांत बरेच साम्य होते. दर एकरी लोकवस्तीही जवळजवळ समान होती: एकीकडे २८७ व दुसरीकडे २८८ माणसे. फरक होता तो बांधणीचा. ब्राउन्सव्हिलमधील इमारती तीन ते सहा मजल्यांच्या होत्या आणि एका दारातून मोजकी कुटुंबे ये-जा करीत. व्हॅन डाइकमधील बहुसंख्य कुटुंबे १३ व १४ मजली मनोऱ्यांत राहत, व एका प्रवेशद्वाराचा वापर शंभराहून अधिक कुटुंबे करीत.

१९६९ सालच्या नोंदींनुसार व्हॅन डाइकमध्ये गुन्हेगारी घटनांची एकूण संख्या ब्राउन्सव्हिलपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. लुटीच्या घटना तर साडेतीन पटींहून अधिक होत्या. कारणे शोधताना न्यूमन यांनी दैनंदिन व्यवहाराकडे पाहिले. ब्राउन्सव्हिलमध्ये मुले जिन्यात व दारासमोर खेळत. आया घराची दारे किलकिली ठेवून काम करीत, त्यामुळे बाहेरचा आवाज घरात ऐकू येई. अनोळखी पाऊल वाजले की कोणीतरी डोकावून पाही. व्हॅन डाइकमध्ये मुलांना वरच्या मजल्यावरून खाली पाठविणे आयांना भीतीचे वाटे. दारे बंद राहत. आगीच्या वेळी वापरावयाचे जिने काँक्रीटच्या भिंतींनी बंदिस्त केलेले असल्याने तेथे काय चालले आहे हे कोणालाच दिसत नसे. अग्निसुरक्षेसाठी केलेली सोय गुन्हेगाराच्या आडोशाला उपयोगी पडत होती.

राखणीजोग्या जागेची संकल्पना

या अभ्यासातून न्यूमन यांनी राखणीजोग्या जागेचे चार घटक सांगितले.

पहिला घटक आपलेपणाच्या हद्दीचा. रस्ता सर्वांचा असतो, आवार काही कुटुंबांचे, उंबरठा एका कुटुंबाचा. या पायऱ्या स्पष्ट असल्या की आपली राखण कोठपर्यंत आहे हे रहिवाशाला कळते आणि आपण दुसऱ्याच्या हद्दीत आलो आहोत हे परक्यालाही कळते. त्यासाठी उंच भिंत आवश्यक नसते. ठेंगणे कुंपण, दोन पायऱ्या किंवा फरशीच्या रंगातील बदलही पुरेसा ठरतो.

दुसरा घटक सहज नजरेचा. खिडक्या, दारे व स्वयंपाकघरे अशी असावीत की रोजची कामे करता करता आवारावर लक्ष राहावे. प्रवेशद्वार रस्त्यावरून दिसावे, जिन्याला काच किंवा जाळी असावी, अंधारे वळण असू नये. न्यूमन यांच्यापूर्वी १९६१ साली लेखिका जेन जेकब्स यांनी रस्त्यावर असणाऱ्या लोकांच्या नजरेचे महत्त्व सांगितले होते. मात्र त्यांचा भर वर्दळीच्या रस्त्यावर व दुकानांवर होता. न्यूमन यांनी रहिवाशांच्या ताब्यातील हद्दीवर भर दिला. या मुद्द्यावर दोघांचे विचार एकमेकांपासून दूर जातात.

तिसरा घटक वस्तीच्या रूपाचा. सरकारी वसाहत दुरूनच ओळखू येईल अशी एकसुरी व निकृष्ट बांधली, तर तिच्यावर आणि तेथील माणसांवर कलंक लागतो. रहिवासी स्वतःच्या घराला कमी लेखू लागतात व गुन्हेगारालाही ती वस्ती बेवारस वाटते.

चौथा घटक परिसराचा. वसाहतीला लागून काय आहे, म्हणजे शाळा, वर्दळीचा रस्ता, दुकाने किंवा ओसाड भूखंड, यावरही तिची सुरक्षितता अवलंबून असते.

अपराधशास्त्रज्ञ सी. रे जेफरी यांनी १९७१ साली पर्यावरणीय रचनेतून गुन्हेप्रतिबंध ही कल्पना मांडली होती. जेफरी यांचा विचार व्यापक आणि सैद्धांतिक होता. न्यूमन यांनी त्या दिशेला प्रत्यक्ष नकाशे, मोजमापे व खर्चाचे हिशेब यांची जोड दिली. या विषयाचे आजचे प्रशिक्षण या दोन प्रवाहांतून घडले आहे.

प्रत्यक्षातील प्रयोग

क्लेसन पॉइंट गार्डन्स

न्यू यॉर्कमधील ब्रॉन्क्स भागात ‘क्लेसन पॉइंट गार्डन्स’ ही ४०० कुटुंबांची, ओळीच्या घरांची वसाहत होती. इमारती उंच नसूनही तेथे भीतीचे वातावरण होते, कारण घरांमधील सारे मैदान सर्वांचे आणि म्हणून कोणाचेच नव्हते. न्यूमन यांनी एकही घर न पाडता बदल केले. मैदानाचा बहुतेक भाग घरोघर पुढचे व मागचे अंगण म्हणून वाटून दिला, त्याला ठेंगणी कुंपणे घातली, पायवाटा व दिवे सुधारले. एकसारख्या भिंतींवर गिलावा करून रहिवाशांनी निवडलेले रंग दिले. मध्यभागी जी जागा सर्वांत धोक्याची मानली जाई, तेथे खेळण्याची व बसण्याची सोय केली.

पहिल्या वर्षात एकूण गुन्ह्यांत ५४ टक्के घट झाल्याची नोंद न्यूमन यांनी केली. रहिवासी आपापले अंगण झाडू लागले, हिरवळ व फुलझाडे लावू लागले. जी जमीन राखण्यासाठी प्राधिकरणाला माणसे नेमावी लागत होती, ती आता लोकच राखू लागले.

डेटनमधील फाइव्ह ओक्स

ओहायो राज्यातील डेटन शहरात ‘फाइव्ह ओक्स’ हा सुमारे २,००० कुटुंबांचा जुना भाग होता. शहराच्या मध्याकडे जाणारी रहदारी त्याच्या गल्ल्यांतून वाहत असे. तिच्याबरोबर अंमली पदार्थांचा व्यापारही आला होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूमन यांनी रहिवाशांच्या सभा घेऊन, त्यांच्याकडूनच सीमा आखून घेऊन, या भागाचे दहा छोट्या शेजारांत विभाजन केले. अनेक रस्ते फाटकांनी बंद करण्यात आले. प्रत्येक छोट्या शेजारात वाहनाने शिरण्यासाठी एकच मार्ग ठेवला. पायी चालणाऱ्यांना कोठेही अडथळा नव्हता. पुढील वर्षभरात एकूण गुन्हे २६ टक्क्यांनी व हिंसक गुन्हे ५० टक्क्यांनी कमी झाल्याचे शहराच्या पाहणीत आढळले. रस्ते बंद करण्याबरोबरच पोलिसांची कारवाई व घरदुरुस्तीसाठी साहाय्य हेही चालू होते, त्यामुळे सर्व श्रेय केवळ फाटकांना देता येत नाही.

यॉन्कर्सचा संघर्ष

न्यूमन यांच्या आयुष्यातील सर्वांत कसोटीचा प्रसंग न्यू यॉर्कला लागून असलेल्या यॉन्कर्स शहरात आला. त्या शहराने आपली जवळजवळ सर्व सरकारी घरे नैर्ऋत्य भागात एकवटली होती, आणि त्यांत मुख्यतः कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक कुटुंबे राहत होती. हा वर्णभेद जाणूनबुजून केलेला आहे, असा निर्णय न्यायाधीश लिओनार्ड सँड यांनी १९८५ साली दिला व गौरवर्णीयांच्या पूर्व भागात २०० सरकारी घरे बांधण्याचा आदेश केला. नगरपरिषदेने तो मानण्यास नकार दिला. १९८८ साली न्यायालयाने रोज दुप्पट होत जाणारा दंड ठोठावला, तेव्हा शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले.

गृहनिर्माण सल्लागार म्हणून न्यूमन यांनी सुचविले की २०० घरे एकत्र बांधू नयेत. ती सात ठिकाणी विखरून, दुमजली ओळीच्या घरांच्या रूपात बांधावीत. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे दार, पुढे छोटे अंगण आणि मागे परसदार असावे. सामायिक जिना व सामायिक प्रवेशकक्ष असूच नये. कचऱ्याच्या सामायिक पेट्यांनाही त्यांनी विरोध केला. प्रत्येक घराचा कचरा त्या घरासमोरच राहिला, तर तो कोणाचा हे सर्वांना दिसेल आणि जबाबदारी टळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांना भीती होती की सरकारी घरांबरोबर गुन्हेगारी येईल व आसपासच्या मालमत्तेचे मोल उतरेल. १९९२ पासून कुटुंबे तेथे राहू लागली आणि ही भीती फोल ठरली. वर्णभेदाच्या प्रश्नाला केवळ वास्तुरचनेने उत्तर देता येत नाही. परंतु न्यायालयाचा आदेश जमिनीवर उतरताना नव्या रहिवाशांवर पुन्हा कलंक लागू नये, यासाठी या रचनेचा उपयोग झाला.

टीका व विचारांतील बदल

‘डिफेन्सिबल स्पेस’ प्रसिद्ध होताच त्यावर टीकाही झाली. ब्रिटिश अभ्यासक बिल हिलियर यांनी १९७३ साली हद्दीच्या कल्पनेवर आक्षेप घेतला. परक्याला दूर ठेवण्यापेक्षा रस्त्यावर माणसांची ये-जा राहणे अधिक सुरक्षित असते, असे त्यांचे मत होते. संख्याशास्त्राच्या अंगानेही प्रश्न विचारले गेले. दोन वसाहतींच्या तुलनेवरून सर्व वसाहतींविषयी निष्कर्ष काढता येईल का, आणि उंच इमारतीतील गरिबी, बेरोजगारी व तुटलेली कुटुंबे यांचा परिणाम उंचीच्या नावावर मांडला गेला नाही ना, असे हे प्रश्न होते.

सर्वांत मूलभूत आक्षेप प्रुइट-आयगोविषयी आहे. वसाहतीच्या देखभालीचा खर्च रहिवाशांच्या भाड्यातूनच भागविण्याची अट होती, आणि भाडेकरू गरीब असल्याने तो भागत नसे. सेंट लुइसची लोकसंख्या झपाट्याने घटत होती. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय कुटुंबांना इतरत्र घर मिळणे दुरापास्त होते. या कारणांकडे दुर्लक्ष करून केवळ वास्तुविशारदाला दोषी धरणे हे मिथक आहे, असे कॅथरिन ब्रिस्टल यांनी १९९१ साली एका लेखात दाखवून दिले. इमारत पाडल्याने गरिबी पाडली जात नाही, हा या टीकेचा मथितार्थ होय.

न्यूमन यांनी या टीकेकडे पाठ फिरविली नाही. कॅरन फ्रँक यांच्यासह १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी रहिवाशांची सामाजिक परिस्थिती व इमारतीचा आकार या दोन्हींचा एकत्र विचार केला. रचना ही गुन्ह्याचे एकमेव कारण नसून रहिवाशांना एकमेकांवर व जागेवर नियंत्रण ठेवता येते की नाही हे ठरविणारा घटक आहे, अशी त्यांची पुढील भूमिका होती. उंच इमारत प्रत्येकासाठीच वाईट असते, असेही त्यांनी म्हटले नाही. वृद्धांसाठी, किंवा दारावर पहारेकरी ठेवणे परवडणाऱ्या कुटुंबांसाठी ती योग्य ठरू शकते. लहान मुले असलेल्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना मात्र जमिनीलगतचे घर हवे, असा त्यांचा सल्ला होता.

ब्रिटनमध्ये भूगोलतज्ज्ञ ॲलिस कोलमन यांनी ‘युटोपिया ऑन ट्रायल’ (१९८५) या ग्रंथात न्यूमन यांच्या पद्धतीचा विस्तार केला. त्यांच्यावरही इमारतीला प्रमाणाबाहेर दोष दिल्याचा आरोप झाला.

महाराष्ट्राच्या संदर्भात

न्यूमन यांचे कार्य प्रामुख्याने अमेरिकेत झाले. तथापि त्यांनी मांडलेल्या प्रश्नाशी महाराष्ट्रातील पारंपरिक व आधुनिक घरबांधणीचा जवळचा संबंध दिसतो.

मराठवाड्यातील जुना वाडा हद्दीच्या पायऱ्यांचे चांगले उदाहरण आहे. मोठ्या दरवाजातील छोटी दिंडी, आतली देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी आणि शेवटी माजघर, अशा क्रमाने बाहेरच्या माणसाचा प्रवेश टप्प्याटप्प्याने मर्यादित होत जातो. कोणाला देवडीपर्यंत, कोणाला ओसरीपर्यंत व कोणाला माजघरापर्यंत यावयाचे, हे न सांगता ठरलेले असे. सपाट माळवदावर वाळवण घालणाऱ्या किंवा उन्हाळ्यात तेथे झोपणाऱ्या माणसांची नजर गल्लीवर राही. अर्थात या रचनेत जातीपातीच्या मर्यादाही घट्ट होत्या. राखण व बहिष्कार यांतील सीमारेषा येथे पुसट होती.

मुंबईतील बीडीडी चाळी न्यूमन यांच्या सिद्धांताची परीक्षा घेणाऱ्या आहेत. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे अशा २०७ चाळी बांधल्या गेल्या. तळमजला व वरचे तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, मध्ये सामायिक मार्गिका व सामायिक स्वच्छतागृह अशी त्यांची रचना आहे. प्रुइट-आयगोमध्येही सज्जा २० कुटुंबांचाच होता. परंतु चाळीत पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, गिरणीतील एकत्र नोकरी, गणेशोत्सव व मंडळे यांमुळे सामायिक जागेला आपलेपणा लाभला. त्यावरून असे दिसते की कुटुंबांची संख्या महत्त्वाची असली, तरी त्यांचे परस्परसंबंधही तितकेच महत्त्वाचे असतात. या चाळींच्या पुनर्विकासात आता उंच मनोरे उभे राहत आहेत. तेथे कुटुंबांना अधिक मोठे, स्वतंत्र स्वच्छतागृह असलेले घर मिळते, ही मोठी प्राप्ती आहे. जुन्या मार्गिकेतील ओळख उद्वाहकात टिकेल का, हा प्रश्न मात्र उरतो.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूर येथे अल्प उंचीच्या घरांची वसाहत रचली. सात घरे एका छोट्या चौकाभोवती व अशा तीन समूहांची २१ घरे एका मोठ्या मोकळ्या जागेभोवती, अशी तिची चढती मांडणी आहे. तिचा मुख्य उद्देश गुन्हेप्रतिबंध नव्हता; परंतु सामायिक जागा मोजक्या कुटुंबांत वाटावी, हे तत्त्व तेथेही दिसते.

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती व अरुंद गल्ल्या होत्या. त्याच भिंतींखाली हजारो माणसे दगावली. म्हणून नव्या गावांत रुंद, सरळ रस्ते आणि सुटी घरे यांना प्राधान्य मिळाले. जीव वाचविण्याच्या दृष्टीने हा निर्णय समजण्याजोगा होता. मात्र चारही बाजूंनी उघडी घरे व मोठाली अंतरे यांमुळे जुना शेजार विस्कटला, आणि पुढील काळात अनेक कुटुंबांनी घराभोवती भिंत, फाटक व पडवी बांधून आपली हद्द पुन्हा निर्माण केली. न्यूमन यांच्या भाषेत सांगायचे, तर आराखड्यात राहून गेलेल्या पायऱ्या रहिवाशांनी स्वतः घातल्या.

आज लातूर, नांदेडसारख्या शहरांतही बहुमजली गृहसंकुले वाढत आहेत. उंच आवारभिंत, पहारेकरी व सीसीटीव्ही कॅमेरे ही त्यांची सुरक्षेची रूढ साधने होत. कॅमेरा घडलेल्या घटनेची नोंद ठेवतो. अनोळखी माणसाला थांबवून विचारपूस करण्याचे काम शेजारीच करू शकतो, आणि त्याला तसे करावेसे वाटेल अशी जागा घडविणे हे आराखड्याचे काम आहे, असे न्यूमन यांच्या अभ्यासावरून म्हणता येते.

ग्रंथसंपदा

न्यूमन यांचे प्रमुख ग्रंथ व अहवाल पुढीलप्रमाणे आहेत:

न्यू फ्रंटियर्स इन आर्किटेक्चर (संपादन, १९६१)
डिफेन्सिबल स्पेस (१९७२)
डिझाइन गाइडलाइन्स फॉर क्रिएटिंग डिफेन्सिबल स्पेस (१९७६)
कम्युनिटी ऑफ इंटरेस्ट (१९८०)
क्रिएटिंग डिफेन्सिबल स्पेस (१९९६)

शेवटचा ग्रंथ अमेरिकेच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याने प्रकाशित केला. त्यात क्लेसन पॉइंट, डेटन व यॉन्कर्स येथील अनुभव नकाशे व खर्चाच्या तपशिलासह दिले आहेत. विद्यार्थ्यांसाठी तो विशेष उपयुक्त मानला जातो.

मृत्यू व वारसा

न्यूमन यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर कम्युनिटी डिझाइन ॲनालिसिस’ ही ना-नफा संस्था स्थापन केली व अखेरपर्यंत तिच्यामार्फत काम केले. १४ एप्रिल २००४ रोजी न्यू यॉर्क राज्यातील हेन्सनव्हिल येथे वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. यॉन्कर्सच्या संघर्षावर आधारित ‘शो मी अ हीरो’ ही दूरचित्रवाणी मालिका २०१५ साली प्रदर्शित झाली; तीत अभिनेते पीटर रीगर्ट यांनी न्यूमन यांची भूमिका केली आहे.

अमेरिकेत १९९० च्या दशकात जुन्या उंच सरकारी वसाहती पाडून त्यांच्या जागी ओळीची घरे बांधण्याचे धोरण स्वीकारले गेले, त्यावर न्यूमन यांच्या विचारांचा प्रभाव होता. या धोरणात पाडलेल्या घरांइतकी नवी घरे अनेक ठिकाणी बांधली गेली नाहीत आणि बऱ्याच गरीब कुटुंबांना आपली वस्ती सोडावी लागली. क्लेसन पॉइंटमध्ये न्यूमन यांनी एकही घर पाडले नव्हते व एकाही कुटुंबाला हलविले नव्हते. तेथे बदलल्या होत्या त्या फक्त सामायिक जागा आणि त्या राखण्याचा रहिवाशांचा अधिकार.